तणमोराचा तुकडा

तिसऱ्या पावसाळ्यात तणमोर आलेच नाहीत, आणि ही गोष्ट कुणाला सांगावी हेच इंद्रभानला कळेना.

मेडशीच्या पलीकडे सागाचं जंगल विरळ होत होत पठार लागतं. त्या पठारावर सरकारी रमना होता, म्हणजे गवताचं राखीव रान. इंद्रभान तिथला रेंजर. मूळचा रिसोडच्या माळ्याचा पोरगा. आई अजून मळ्यात वांगी-मिरच्या लावायची आणि आपला लेक जंगलात नेमकं काय करतो हे तिला नीटसं कधी उमगलं नव्हतं. सागाची राखण करतो म्हटलं की तिला पटायचं. गवताची राखण म्हटलं की ती हसायची.

पण इंद्रभानचा जीव सागापेक्षा गवतातच गुंतला होता, आणि त्याला कारण तणमोर. कोंबडीएवढं पाखरू, लांब पायांचं. एरवी डोळ्यासमोर असलं तरी दिसत नाही. पावसाळ्यात मात्र नराचा रंग काळाभोर होतो, डोक्यामागे तुऱ्यासारखी पिसं फुटतात, आणि गवतात उभा असलेला तो एकाएकी माणूसभर उंच उडी घेतो, टर्र असा आवाज करतो आणि पुन्हा गवतात पडतो. मादीनं पाहावं म्हणून ही सगळी खटपट. दिवसभर त्याचं तेच चालतं. बदली होऊन आला त्याच साली इंद्रभाननं ती उडी पाहिली आणि तो वेडावला. मग त्याला कळलं की शिकारी साहेबलोक नेमके त्या उडीवरच नेम धरतात, आणि पाऊस ओसरला रे ओसरला की गवताचा ठेकेदार विळे घेऊन उतरतो, तेव्हा घरट्यांतली अंडी पेंढ्यांखाली चिरडून जातात. हे असंच चाललं तर आणखी थोड्या वर्षांनी उडी मारायला कुणी उरणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं.

त्याच सुमारास मोठे साहेब त्या भागाचा नवा वर्किंग प्लान करत होते. सागाचा कुठला कूप, म्हणजे तोडीचा पट्टा, कधी तोडायचा, कुठलं रान कुणाला चरायला, सगळं पुढच्या कितीतरी वर्षांसाठी ठरणार होतं. गावातले लोक त्याला 'पिलान' म्हणत. इंद्रभाननं हिय्या करून साहेबांना सांगितलं, की रमन्याचा एक तुकडा पाखरांसाठी बंद ठेवू या. तिथे ना कापणी, ना चराई, ना बंदूक. साहेब आधी हसले. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, तीन वर्षं करून पाहा. इंद्रभाननं बैल लावून तुकड्याभोवती नांगराचा तास ओढून घेतला. तासाच्या आत तणमोराचं राज्य, तासाबाहेर माणसाचं. लोकही त्याला 'तणमोराचा तुकडा' म्हणायला लागले, काही कौतुकानं, बरेचसे कुचेष्टेनं.

सगळ्यांत जास्त झळ बसली ती लालसिंग नाईकाच्या तांड्याला. त्यांची गुरं बापजाद्यांपासून त्याच उतारावर चरत आली होती. लालसिंगनं एकदाच विचारलं, "पाखरासाठी गायीले हाकलता?" इंद्रभान म्हणाला, "तीन सालाची गोष्ट आहे, नाईक." काही गुरं तांड्यानं सोयऱ्यांकडे धाडली, बाकीची उरलेल्या रमन्यात दाटीवाटीनं चरू लागली.

पहिल्या पावसाळ्यात तुकडा नुसता उसळत होता. इकडून एक उडी, तिकडून एक. इंद्रभान रोज सकाळी कडेच्या खडकावर जाऊन बसायचा आणि तोंडभरून हसायचा. त्यानं साहेबांना लिहून कळवलं, की तुकडा बंद करणं शंभर टक्के योग्य ठरलं. दुसऱ्या साली उड्या कमी झाल्या. पाऊस कमी होता, त्यामुळे असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. आणि तिसऱ्या साली, पाऊस अगदी मापात पडलेला असताना, खडकावर बसून बसून त्याचे डोळे दुखले, पण गवत वाऱ्याशिवाय कशानंही हललं नाही.

बरं, तुकडा रिकामा झाला म्हणावं तर तसंही नव्हतं. गवत छातीएवढं वाढून आडवं पडलं होतं, त्याच्यावर नवं गवत, त्याच्याखाली जुन्याचा कुजका थर. मधे मधे बाभळीची आणि पळसाची रोपं डोकं काढून होती. त्या रोपांवर एक बारीक तांबूस पाखरू गायचं, ते इंद्रभाननं आधी कधी पाहिलं नव्हतं. मुंगसं आली होती. रानडुकरं तर कळपानं आली होती आणि तिथून उठून तांड्याच्या भुईमुगात शिरत होती. काळविटं मात्र दिसेनाशी झाली. म्हणजे काही गेलं, काही आलं. ज्याच्यासाठी सगळं केलं तेच गेलं, आणि ज्याला कुणी बोलावलं नव्हतं ते घर करून बसलं. याला यश म्हणायचं का अपयश, हे इंद्रभानला सांगता येईना. साग मोजता येतो, लाकूड मोजता येतं. हे कशानं मोजायचं?

अशात निरोप आला. पोळा झाला की मोठे साहेब स्वतः येणार आहेत. पहिल्या सालचं इंद्रभानचं लिहिणं त्यांना फार आवडलं आहे, आणि सगळाच्या सगळा रमना कायमचा बंद करावा असं त्यांच्या मनात आहे.

इंद्रभान हिशेब करू लागला. सगळा रमना बंद म्हणजे तांड्याची गुरं उपाशी, आणि तणमोर तर नाहीतच. खरं सांगावं तर साहेब म्हणतील प्रयोग फसला, तास बुजवा, आणि सगळा रमना ठेकेदाराच्या विळ्याखाली जाईल. मग उरलेसुरले तणमोरही संपतील. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्यानंच खणलेली.

साहेब यायच्या आत काहीतरी उलगडा व्हावा म्हणून तो लोकांना विचारत सुटला. आधी गेला मंगरूळपीरला, गवताचे ठेकेदार सैफुद्दीन सेठ यांच्याकडे. सेठ दुकानात बैलांच्या झुली रचत होते. पोळ्याचे दिवस होते, दुकानात गर्दी होती. तरी त्यांनी इंद्रभानला आत बोलावून चहा सांगितला.

"रेंजर साब, सीधी बात हाय," सेठ म्हणाले. "गवत कापलं नाई त ते सडते. सडलेल्या गवतात कोन राहीन? तुमी राह्यसान का? मले कापाले द्या, पाखरं वापस येतीन."

"पण तुम्ही कापत होता तेव्हा अंडी फुटत होती, सेठ."

"फुटत असतीन. झूट कायले बोलू? पन पाखरं त होती ना तवा! आता अंडे बी नाई अन् पाखरू बी नाई."

सेठांचं बोलणं खोडून काढता येईना. पण गवत मिळालं तर फायदा त्यांचाच, हेही विसरता येईना. इंद्रभान चहा पिऊन उठला.

परतताना तो रिसोडवरून वाकडी वाट करून घरी गेला. आईनं त्याच्यापुढे भाकर आणि वांग्याची भाजी ठेवली. त्यानं सगळं तिला सांगून पाहिलं. कस्तुराबाई लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे सरकार तुले पाखरं येवो म्हून पगार देते?"

"तसंच म्हण."

"अन् नाई आले त?"

"तेच तर कळून नाही राह्यलं, माय."

"मंग तू सागवानाकडचं काम माग, इंद्रा," ती म्हणाली. "झाड कुठी जात नाई."

तांड्यावर जायला त्याचे पाय उचलत नव्हते. पण गेला. लालसिंग बाजेवर बसून दोर वळत होता. त्याची म्हातारी बहीण रामीबाई दाराशी शेंगा निवडत होती, डुकरांनी उकरून टाकलेल्या वेलांच्या.

"तणमोर काहून गेले असतील, नाईक?" इंद्रभाननं सरळच विचारलं.

लालसिंगनं दोर थांबवला. "मले इचारता? तीन साल झाले, तासाच्या आत पाय ठेवाची बंदी मले. मी कसं सांगू? माह्या बापाच्या टायमाले गुरं बी होती अन् तणमोर बी होते. पन बापाच्या टायमाले पाऊस बी लय होता, अन् बंदुका कमी होत्या. कशानं होते अन् कशानं नाई, देव जाने."

"तूच भेवाडलं त्याईले," रामीबाई मान वर न करता म्हणाली.

"मी?"

"मंग कोन? रोज सकाळी त्या दगडावर घुबडावानी बसतं. आपल्याकडे असं कोनी टक लावून पाहत राह्यलं, त आपन नांदू का तिथी? लेकीच्या घरी बी रोज जात नसतेत, बाबू."

तांड्यावरचे लोक हसले. इंद्रभानही हसला, पण ते वाक्य त्याच्या काळजात काट्यासारखं मोडून बसलं. खरंच तसं असेल का? प्रेमानं पाहायला जायचो, आणि तेवढ्यानं ती उठून गेली? मग त्यानं दुसऱ्या दिवसापासून खडकावर जाणंच सोडलं. आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की आता तणमोर आले काय आणि गेले काय, कळायचं कसं? तो आणखीनच गोंधळला.

पोळा झाला आणि साहेब आले. घोड्यावरून आले, बरोबर दोन गार्ड. साहेब उंच, वयानं साठीकडे झुकलेले, तोडक्या हिंदीत हळू हळू बोलणारे. त्यांनी काठीनं तुकड्याकडे दाखवून विचारलं, "किधर है तुम्हारा चिडिया?"

इंद्रभाननं रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. "साहेब," तो म्हणाला, "आधी चालून पाहू या."

तासाच्या कडेनं सगळे निघाले. आडवं पडलेलं गवत, डुकरांच्या वाटा, बाभळीची रोपं. साहेबांच्या कपाळावर आठी चढत होती. तुकड्याचा वरचा कोपरा तांड्याच्या अंगाला होता, एका टेकाडाआड. इंद्रभान दगडावर बसायचा तिथून तो दिसत नसे. ते टेकाड ओलांडलं आणि सगळेच थांबले. त्या कोपऱ्यात गवत गुडघ्याएवढंच होतं, मोकळं, हिरवंगार. आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्यातून एक काळं पाखरू सरळ वर उसळलं, टर्र केलं आणि खाली पडलं. थोड्या वेळानं पुन्हा.

साहेबांनी टोपी काढली. "ब्युटिफुल," ते म्हणाले. इंद्रभानच्या डोळ्यात पाणी आलं. असं वाटलं, धावत जाऊन आईला सांगावं.

तेवढ्यात एक गार्ड खाली वाकला आणि म्हणाला, "साहेब, शेण."

शेण होतं. ताजं नव्हतं, पण जुनंही नव्हतं. खुरांचे ठसे होते, टेकाडामागून तांड्याकडे जाणारी पायवाट होती. पोरालाही कळलं असतं. लालसिंगची गुरं पावसाळाभर या कोपऱ्यात चोरून चरत होती. गार्ड इंद्रभानकडे पाहू लागला, साहेब इंद्रभानकडे पाहू लागले, आणि गवतातला तो काळा वेडा मधेच उड्या मारत राहिला.

इंद्रभानला त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं. रोही, म्हणजे नीलगायी, येतात, त्यांची लेंडी आहे, असं म्हणता आलं असतं. पण शेणाला लेंडी म्हणायचं तरी कसं? आणि खोटं बोललो तर साहेबांना वाटेल की बंदी घातल्यानंच पाखरू टिकलं, मग ते सगळा रमना बंद करतील. खरं बोललो तर नाईक अडकेल.

"इथे गुरं चरली आहेत, साहेब. बंदी असताना चरली आहेत. जिथे चरली तिथेच तणमोर आहे, आणि जिथे चरली नाहीत तिथे नाही. पण गुरांमुळेच तो इथे आहे का, ते मला माहीत नाही. उतारामुळे असेल. मी इथे बसत नाही, म्हणूनही असेल. मला काहीच माहीत नाही."

साहेबांनी काठीनं ते शेण उलटून पाहिलं. मग म्हणाले, की ज्याची गुरं असतील त्याच्यावर कायद्याप्रमाणे कारवाई व्हायलाच हवी. बंदी ती बंदी. आणि तुकड्याचं काय करायचं ते त्यांनी इंद्रभानलाच विचारलं. इंद्रभाननं, बोलता बोलताच सुचलं तसं, सांगून टाकलं: तुकडा लहान लहान भागांत वाटू या. एका भागात थोडी गुरं, तीही पावसाळा अर्धा झाल्यावर. एका भागात कापणी, पण दिवाळीनंतर, पिल्लं उडून गेली की. एक भाग आहे तसाच राहू दे, त्या तांबूस पाखरासाठी. आणि दर साली पाहून बदल करू.

"दर साली बदलेगा, तो वो प्लान कैसा?" साहेबांनी विचारलं.

पण मग त्यांनी मान डोलावून होकार दिला. सगळा रमना बंद करायचा बेतही त्यांनी पुन्हा काढला नाही. जाताना पुन्हा एकदा मागे वळून उडी पाहिली आणि घोड्यावर बसले.

त्याच दुपारी गार्डांनी लालसिंगची गुरं कोंडवाड्यात नेली. इंद्रभान स्वतः तांड्यावर गेला. कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, असं त्याला वाटलं. लालसिंग दारातच उभा होता.

"चोरी केली, खोटं नाई बोलत," तो म्हणाला. "गवत होतं, गाय उपाशी होती. तणमोरासाठी नाई केली मी चोरी. तिथी तणमोर हाय हे मले बी ठाव नोतं."

"पुढच्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात तुमच्या काही गुरांना परवानगी मिळेल, नाईक. मी साहेबांकडून कबूल करून घेतलं आहे."

लालसिंग त्याच्याकडे पाहतच राहिला. "त्याच कोपऱ्यात?"

"हो."

"म्हंजे औंदा गुन्हा, अन् पुढल्या साली कायदा?"

इंद्रभाननं मान डोलावली.

"अन् पुढल्या साली कायदा, त औंदा माही गुरं कोंडवाड्यात काहून?"

"कारण औंदा बंदी होती," इंद्रभान म्हणाला, आणि म्हणताना त्यालाच ते इतकं विचित्र वाटलं की त्यानं मान खाली घातली.

रामीबाई आतून बाहेर आली. या वेळी ती हसली नाही. "तुह्या पिलानात सगळं हाय, बाबू," ती म्हणाली. "पाखरू हाय, गवत हाय, साहेब हाय. आमी कुठी हाव ते तेवढं सांग."

गुरं सुटली, पण कोंडवाड्यातून आली ती रोडावून. त्या हिवाळ्यात तांड्यावरचं कुणी इंद्रभानशी बोललं नाही. वाटेत दिसला की लालसिंग बाजूनं निघून जायचा. इंद्रभाननं बैल लावून नवे तास ओढले, आणि या खेपेस आधी तांड्यावर जाऊन, कुणी उत्तर देवो न देवो, कुठून कुठपर्यंत ओढणार ते मोठ्यानं सांगून आला. पाण्याकडची वाट मोकळी सोडा, एवढं एकच वाक्य गर्दीतून कुणीतरी बोललं. त्यानं ती सोडली.

पुढचा पावसाळा आला. अर्धा सरल्यावर लालसिंगची गुरं परवानगीनं त्या कोपऱ्यात शिरली. आणि तणमोर त्या कोपऱ्यात नव्हताच. तो उडत होता दिवाळीनंतर कापायच्या भागात. एक नव्हे, दोघे, एकमेकांशी चढाओढ लावून. तांबूस पाखराच्या भागाकडे पाहिलं तर तिथे डुकरांनी सगळं उकरून टाकलेलं, आणि त्या उकरलेल्या मातीत काळविटाच्या दोन माद्या उभ्या.

इंद्रभान टेकाडावर डोक्याला हात लावून बसला होता. मागून काठीचा आवाज आला. लालसिंग होता. खूप दिवसांनी तो आपण होऊन जवळ आला आणि थोडं अंतर ठेवून खाली बसला. दोघं मिळून खाली पाहू लागले.

"तिकडं गेला त," लालसिंग म्हणाला.

"तिकडे गेला."

"मंग आता गुरं कुठी नेऊ? इथीच ठिऊ, का काढू?"

"मला माहीत नाही, नाईक."

लालसिंगनं मान हलवली. ते ऐकून त्याला राग आला नाही, उलट जरा बरंच वाटलं असावं. त्यानं कमरेच्या फडक्यातून भाजलेलं मक्याचं कणीस काढलं, मधोमध मोडलं आणि अर्धं इंद्रभानपुढे धरलं.

"इथीच ठिवतो मंग," तो म्हणाला. "पन त्या अंगाले जाऊ देत नाई. पाहू काय करते त."

इंद्रभाननं कणीस घेतलं. खाली एकानं उडी मारली, लगेच दुसऱ्यानं मारली. दोघांतला कुठला जास्त उंच गेला यावरून मग इंद्रभानचं आणि लालसिंगचं जे जुंपलं, ते कणीस संपलं तरी मिटलं नाही.